मृणालची मशिनं

"म्हणजे गणितं सोडवायची आणि त्याचे पैसे मिळतात?" पुंडकर सरांनी माझ्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली. "मग मी चौतीस वर्षं काय केलं रे कपिल? फुकटच सोडवली की सगळी."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी एका लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ ब्रशनं काढत होतो. दोन हजार सतराचा डिसेंबर होता आणि अकोल्यात पानठेल्यावरसुद्धा बिटकॉइनच्या गोष्टी चालल्या होत्या. कुणाच्या मेहुण्यानं पुण्यात फ्लॅट घेतला, कुणाच्या मित्रानं नोकरी सोडली. खरं काय, खोटं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही रोज जेवताना मोबाइलवर तेच व्हिडिओ बघायचो. स्वतः मात्र काही करून पाहिलं नव्हतं, कारण त्याला लागणारं दणकट ग्राफिक कार्ड माझ्या ऐपतीबाहेरचं होतं.

"बिटकॉइन घरच्या मशिनवर आता नाही जमत सर," मी म्हणालो. "पण त्याची धाकटी भावंडं आहेत, तसलीच दुसरी नाणी, ती जमतात. कार्ड मात्र चांगलं पाहिजे."

सरांनी काउंटरवरची कोपरं काढली. मग म्हणाले, "मृणालच्या मशिनांत आहे ना तसलं? तूच तर बसवलं होतंस."

मृणाल म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. नागपूरला ॲनिमेशन शिकत होती. शेवटच्या वर्षाची फिल्म घरूनच करायची म्हणून तिनं माझ्याकडून दोन मशिनं जोडून घेतली होती. एकावर चित्रं हलवायची आणि दुसऱ्यावर ती रात्रंदिवस पक्की होत राहायची. कार्डं निवडायला माझ्याशी तासभर भांडली होती. दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला आणि सहाव्या दिवशी ती गेली. तेवीस वर्षांची होती. तेव्हापासून माडीवरची ती खोली तशीच होती.

"काकू हो म्हणतील का?" मी विचारलं.

सर तसेच निघून गेले आणि नवव्या दिवशी येऊन म्हणाले, "तीच म्हणाली. बंद पडून सडण्यापेक्षा चालू राहू द्या म्हणे. खोलीत घरघर तरी ऐकू येईल."

सरांनी मला दहावीला गणित शिकवलं होतं. त्यांनी शिकवणीचे पैसे घेतले नसते तर बरं, असं माझे वडील एकदा म्हणाले, तेव्हापासून त्यांनी ते घेतलेच नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी काही करायला मिळतंय याचा मला आनंद झाला होता. आणि निम्मी मिळकत माझी, असं सरांनीच ठरवून टाकल्यामुळे तो आनंद जरा जास्तच होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा दुकानात आले. खास तेवढ्यासाठीच आले होते.

"हे बघ, काकूनं एक गोष्ट बजावून सांगितली आहे. मशिनमध्ये मृणालची फिल्म आहे. अर्धवट आहे. आधी ती वेगळ्या डिस्कवर नीट काढून ठेव आणि मगच तुझं काय ते कर."

"कशाची फिल्म, सर?"

"मांजरीची." ते किंचित हसले. "काकूचे वडील जिनिंगमध्ये होते ना, कापसाच्या. तिथं एक काळी मांजर होती, ती दिवसभर रुईत लोळून संध्याकाळी पांढरी होऊन बाहेर यायची. काकूनं मृणालला लहानपणी शंभरदा सांगितलेली गोष्ट. मांजरीचा आवाज मृणालनं स्वतः काढलाय म्हणे. आम्ही काही पाहिली नाही. पूर्ण झाल्याशिवाय दाखवणार नाही म्हणायची."

मी नवी डिस्क मागवली. ती सोमवारी येणार होती.

शुक्रवारी दुपारी मी जठारपेठेत सरांकडे गेलो. काकू खाली स्वयंपाकघरात भाकरी टाकत होत्या. सर पेन्शनच्या कामानं बँकेत गेले होते. माडीवरच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर पेन्सिलींचा डबा, भिंतीवर मांजरीची वीस-पंचवीस कच्ची चित्रं आणि दोन्ही मशिनांवर काकूंनी शिवलेल्या सुती खोळी.

पहिल्या मशिनवर विशेष काही नव्हतं. त्यावर मी नवी यंत्रणा टाकली, तासाभराची खटपट केली आणि चारच्या सुमारास ते सुरू झालं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी सरसरत वर जाऊ लागल्या. इतके दिवस व्हिडिओत पाहिलेलं आपल्या हातून होतंय म्हटल्यावर माझ्या अंगात वारंच भरलं.

दुसऱ्या मशिनला पासवर्ड होता. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा प्रयत्न केला तर ते दोनदा अडकलं. इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं, पेनड्राइव्हच्या भानगडीत पडू नका, थेट हार्ड डिस्कवरच टाका.

मी थांबू शकलो असतो. सोमवार काही फार लांब नव्हता. तेही नको, माझ्या दुकानात एक जुनी डिस्क पडून होती. मृणालची काढून बाजूला ठेवायची आणि ती लावायची. स्कूटरवर जाऊन आणायला दहा मिनिटं लागली असती. हे मला आज सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. पण त्या आठवड्यात भाव रोज वर जात होता, प्रत्येक तास वाया जातोय असं वाटत होतं. आणि मनात आणखी एक गोष्ट आली, तीही सांगून टाकतो. दोन वर्षं कुणी हे उघडलं नाही, आता कोण उघडणार आहे?

पडद्यावर सूचना आली. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी होय म्हटलं.

संध्याकाळी सर आले, तेव्हा दोन्ही मशिनं घरघरत होती. सर दारातच उभे राहून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिचं काम काढून ठेवलंस ना?"

"हो सर. दुकानात ठेवलंय."

"शाब्बास," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढचे दोन महिने सर पुन्हा तरुण झाल्यासारखे झाले. त्यांनी एक दोनशे पानी वही केली. सकाळ-संध्याकाळ कार्डांचं तापमान लिहायचे. पैसे ज्या डिजिटल पाकिटात जमा व्हायचे त्याची किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळाले होते. ते हरवले तर सगळं गेलं, असं मी सांगितल्यावर सरांनी ते पाढ्यासारखे पाठ केले आणि मला उलट्या क्रमानं म्हणून दाखवले. आत नेमकं काय चालतं, हे मात्र त्यांनी मला उलगडून सांगायला लावलं. मी व्हिडिओतून ऐकलेलं सांगायचो, ते खोडून काढायचे.

एक दिवस ते दुकानात आले ते हातवारे करतच. "अरे, हे गणित नव्हेच! हे तर कुलूप आहे आणि किल्ल्यांचा डोंगर. एकेक किल्ली लावून बघायची. लागली तर लागली. यात डोकं कुठं आहे?"

"नाहीच सर. नुसती मेहनत."

"आणि दुसऱ्या कुणाची आधी लागली तर?"

"तर आपली मेहनत पाण्यात. म्हणून तर हजारो जण मिळून लावतात आणि वाटून घेतात."

"म्हणजे भिशी," सर म्हणाले आणि त्यांना फार समाधान वाटलं.

काकूही रमल्या होत्या. जानेवारीत थंडी पडली आणि माडीवरची ती खोली घरात सगळ्यात ऊबदार झाली. काकू दुपारी गहू निवडायला ताट घेऊन तिथंच बसायच्या. मी तपासायला गेलो की म्हणायच्या, "बस रे. मृणाल काम करायची तेव्हा असाच आवाज यायचा. मी खालून ओरडायची, बंद कर आता, झोप."

मी मान हलवायचो आणि उगाच वायर हलवून बघायचो. एक कोरी डिस्क माझ्या दुकानाच्या खणात होती. सोमवारी आलेली. तिचं पाकीटही मी फोडलं नव्हतं.

फेब्रुवारीत भाव कोसळले. सर त्यानं खचले नाहीत. त्यांना त्या पैशांचं काही नव्हतंच. पण त्याच आठवड्यात मृणालची वर्गमैत्रीण तन्वी हिचा नागपूरहून काकूंना फोन आला. कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवणार होते. मृणालची अर्धवट असली तरी चालेल, जिथपर्यंत झाली आहे तिथपर्यंत दाखवू, म्हणाली.

काकूंनी मला स्वतः फोन केला. पहिल्यांदाच. "कपिल, तू काढून ठेवलेलं आहे ना, ते घेऊन ये बाबा. आधी आम्ही पाहतो, मग पाठवू. टीव्हीवर लावता येते ना?"

"येते काकू. बघतो."

मग मी तीन दिवस बघतच राहिलो. आज लाइट नाही, उद्या वायर आणायची आहे. चौथ्या दिवशी सकाळी सर दुकानात येऊन उभे राहिले.

"काय अडलंय?"

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सांगितलं. डिस्क आली नव्हती. मी थांबलो नाही. पुसलं.

"सगळं?"

"हो."

"पण तू तर म्हणाला होतास..."

"खोटं बोललो सर."

काउंटरवर एक बारीक स्क्रू पडला होता. सरांनी तो दोन बोटांनी उचलला, स्क्रूंच्या डबीत टाकला आणि डबीचं झाकण लावलं. मला वाटलं, आता मारतील. दहावीत त्यांनी मारलं होतं एकदा. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चल," ते म्हणाले.

घरी काकूंनी टीव्ही पुसून ठेवला होता. सोफ्यावरची चादर बदलली होती. आम्हाला बघून त्या लगबगीनं उठल्या. "आणली का?"

सर खाली बसलेसुद्धा नाहीत. चप्पलही काढली नाही.

"सुलभा, फिल्म राहिली नाही. पुसली गेली. कपिलचा यात दोष नाही. मी त्याला सांगायचंच विसरलो. तुझा फोन आला तेव्हा मलाच पाठीशी घालायला तो काही बोलला नाही."

काकूंना ते चटकन कळलंच नाही. "विसरले? पण मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाले काढून ठेवली."

"तेव्हा आठवलं. तुला काय सांगायचं कळेना. म्हणून हो म्हणालो."

मी तोंड उघडलं. बोलायचं होतं. "काकू, नाही," एवढे दोनच शब्द पुरेसे होते. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी उभा राहिलो.

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एकच. दुसरं काही नाही."

त्या जिना चढून वर गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी भिंतीतून एक प्लग उपसला, मग दुसरा. पंखे फिरत फिरत थांबले. काकूंनी खाटेवर ठेवलेल्या खोळी घेतल्या आणि मशिनांवर चढवल्या, कोपरे नीट ओढून. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तू काहून रडतोस रे लेकरा," त्या म्हणाल्या. "तुला तर कुणी सांगितलंच नव्हतं."

ती डिस्क घेऊन सर आणि मी नागपूरला एका माणसाकडे गेलो. पुसलेलं परत काढून देतो म्हणून त्याचं नाव होतं. तो म्हणाला, दोन महिने हे वापरलंत, वर कितीतरी लिहिलं गेलंय. तरी चार दिवस त्यानं धडपड केली. फायलींची नावं सापडली, पण आतलं काहीही उघडेना. त्यानं नावांची यादी छापून दिली. सर ती बस स्टँडच्या बाकावर बसून वाचत होते. मीही तिरक्या नजरेनं वाचली. मांजर चालते. मांजर आवाज तीन. आजोबा जिन. आणि एक नाव होतं, आई हसते.

"सर, मी काकूंना सांगतो," मी म्हणालो. "आत्ता, घरी गेल्या गेल्या."

सरांनी कागदाची घडी घातली. "सांगून काय होईल? फिल्म येईल?"

"पण त्या तुम्हाला..."

"माझ्यावर ती किती दिवस रागावेल? तेहतीस वर्षं संसार केलाय. तुझ्यावर मात्र जन्मभर रागावेल. आणि कपिल, मशिनं वापरायला काढू या, हे माझ्याच तोंडून निघालं होतं. तिच्या नाही. तुला खोटं सांगितलं होतं मी तेव्हा. तिला पटवायला मला आठ दिवस लागले." ते उठले. "तू सांगायचं नाहीस. माझी शपथ."

मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. शपथ घालणारा माणूस भेटला की भित्र्याचं किती सोपं होतं!

सरांचा हिशेब चुकला. काकूंचा राग गेला नाही. घर चालत होतं, वेळेवर ताट वाढलं जायचं, गोळ्या हातात मिळायच्या, पण कामापुरत्या शब्दाखेरीज काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्यांना कळलं, नातेवाइकांनी समजूत घातली. सर दुकानात येईनासे झाले. संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर एकटे बसलेले दिसायचे. मी स्कूटर थांबवली की म्हणायचे, "चाललंय रे, चाललंय." त्या दोन महिन्यांत पाकिटात जे जमलं होतं, त्यात आमचं दोघांचं नागपूरला जाणं-येणं जेमतेम निघालं असतं. त्याला कुणी हात लावला नाही.

माझ्याशी मात्र काकू मायेनं वागत राहिल्या. दर दिवाळीला फराळाचा डबा यायचा. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला साडी दिली. "याला फार लागलं होतं मनाला," असं तिला माझ्याविषयी सांगितलं. त्यांच्या करंज्या मी चार दिवाळ्या खाल्ल्या.

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. आठवडाभर दवाखान्यात होते आणि तिथंच गेले. मी तेराव्यापर्यंत थांबलो. मग एका दुपारी काकूंकडे गेलो. शपथ आता कुणाची राहिली नव्हती. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती.

काकू पुढच्या खोलीत कूलरसमोर बसल्या होत्या. भिंतीवर मृणालच्या फोटोशेजारी सरांचा नवा फोटो लागला होता. त्यांनी मला पाणी दिलं. मी पेला हातात धरून सगळं सांगितलं. डिस्कचं, सोमवारचं, दहा मिनिटांचं. सरांनी आठवणीनं येऊन बजावलं होतं ते. मी हो म्हणालो होतो ते. आणि बस स्टँडवरचं.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे ते विसरले नव्हते," काकू म्हणाल्या.

"नाही काकू."

"आणि काढून ठेवली म्हणाले, तेही मुद्दाम खोटं नव्हतं."

मी मान हलवली.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी हात पुढे केला होता. बोलता येत नव्हतं. उजवा गेलाच होता, डावाच हलत होता. काय पाहिजे ते मला कळलं होतं रे. पण मी हातात पाण्याचा पेला दिला."

"काकू, माझं चुकलं. मी..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "ते होते तोवर सांगितलं असतंस, तर मी तुला हाकलून दिलं असतं. जन्मभर तोंड पाहिलं नसतं तुझं. पण त्यांच्याशी बोलले असते. आता काय करू मी? कुणाशी बोलू?"

काकूंनी हात लांबवून कूलर बंद केला.

"चार वर्षं तुला पेललं ना? अजून पेलायचं होतं. तेवढी तरी शिक्षा घ्यायची होती. तुला जड झालं म्हणून तू माझ्या घरात आणून टाकलंस हे. मी म्हातारी, एकटी. मी कुठं ठेवू?"

त्या रडल्या नाहीत. मला जा असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी पेला खाली ठेवला आणि उठलो. ओसरीवर येऊन चप्पल घातली. फाटकापर्यंत पोचलो, तेव्हा आतून आवाज आला. आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला हाक मारावी तसा, जरासा मोठ्यानं.

"अहो..."

मग ओ येण्याची वाट पाहावी तेवढा वेळ शांतता होती. मग पुन्हा.

"अहो, ऐकता का?"

मी फाटक आवाज न करता लावलं आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. तिथं गेल्यावरच ती सुरू केली.